गावाहून आलेल्या आई-बाबांना शहरात माणसांत कसं आणायचं?

गावचं घर बंद करून आई-बाबांना पुण्याला, ठाण्याला, नाशिकला आणलं की पहिले काही आठवडे धावपळीत जातात. चष्मा, दाढ, बँकेतला पत्ता, गॅसचं कार्ड. मग सगळं मार्गी लागतं आणि टीव्ही सुरू होतो. दोन-तीन महिन्यांनी तक्रारी येतात: झोप लागत नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडतं. तपासण्या होतात, रिपोर्ट नॉर्मल येतात आणि डॉक्टर म्हणतात, "यांना जरा माणसांत मिसळू द्या." सल्ला एकदम बरोबर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाचतो, आणि त्याचा परिणाम हृदयापासून स्मरणशक्तीपर्यंत होतो. अडचण एवढीच की कुठल्या माणसांत, किती वाजता, कोणाला भेटून, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१९ पासून यासाठी दवाखान्यांशी जोडलेली माणसंच मोठ्या संख्येने नेमायला सुरुवात केली. त्यांना 'लिंक वर्कर' म्हणतात. डॉक्टर रुग्णाला त्यांच्याकडे पाठवतो, ते निवांत बसून बोलतात आणि बागकामाचा, गाण्याचा, चालण्याचा असा त्या माणसाला झेपेल तो गट गाठून देतात. आपल्याकडे गट भरपूर आहेत, पण गाठून देणारा पगारी माणूस नाही. ते काम घरातल्याच कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं. मी आमच्या सासूबाईंसाठी घेतलं, मग सोसायटीतल्या दोन-चार घरांनी विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने देतेय. उदाहरणं पुण्याची आहेत, पण इतर शहरांत फार वेगळं असेल असं वाटत नाही.

१. आधी कान, डोळे, पाय आणि लघवी

"त्यांना कुठे जायचंच नसतं" असं म्हणण्याआधी हे चार तपासा. ऐकू कमी येणारा माणूस घोळक्यात बसला की नुसता हसून मान डोलावतो, दोन दिवसांनी जायचं बंद करतो आणि कारण सांगतो गुडघ्याचं. मोतीबिंदू पिकत आला असेल तर संध्याकाळच्या अंधारात पायऱ्या दिसत नाहीत, म्हणून संध्याकाळचा गट नको असतो.

लघवीचं तर कोणी बोलतच नाही. पुरुषांना प्रोस्टेटमुळे वारंवार जावं लागतं. बायकांना हसताना, खोकताना, उठताना थेंब सुटतात. आमच्या इमारतीतल्या एक काकू हास्यक्लबचं नाव काढलं की "मला नाही असले चाळे आवडत" म्हणायच्या. खरं कारण हे होतं. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यासाठी ओटीपोटाच्या स्नायूंचे साधे व्यायाम शिकवतात, आणि बऱ्याच जणींना त्याने फरक पडतो. मुलाने आईला हे विचारणं अवघड जातं. सुनेने, लेकीने किंवा नातीने विचारावं.

डॉक्टरांकडे जालच, तर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर सकाळी काय खाऊन बाहेर पडायचं? आणि रक्तदाबाच्या गोळीमुळे एकदम उठल्यावर चक्कर येते का? रक्तातली साखर एकदम उतरली तर, म्हणून मधुमेह्याच्या खिशात साखरेची पुडी कायम असू द्या.

२. 'तुम्हाला काय आवडतं?' हे विचारू नका

या प्रश्नाला त्या पिढीकडे उत्तर नसतं. "आमची कसली आलीय आवड" म्हणतील आणि विषय संपेल. त्याऐवजी विचारा: गावात लोक तुमच्याकडे कशासाठी यायचे?

इथे माणूस बोलायला लागतो. कोणाकडे लग्नाची यादी करून घ्यायला यायचे, कोणाकडे सातबारा वाचून घ्यायला, कोणाकडे बाळंतिणीचे डिंकाचे लाडू वळून घ्यायला. सासूबाईंकडे गवळणी आणि भूपाळ्यांचा साठा होता, कार्तिकातल्या काकड्याला त्या पुढे असायच्या. हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही धड माहीत नव्हतं, कारण आम्ही गावी जायचो ते मे महिन्यात आणि गणपतीला.

दोन-तीन संध्याकाळी चहा घेताना ऐका आणि कुठेतरी टिपून ठेवा. यादी तीन रकान्यांत केली तर सोपं जातं: काय येतं, काय पूर्वी यायचं पण सुटलं, काय अजिबात नको. तिसरा रकाना मनापासून पाळा. ज्यांना देवाधर्माचं वावडं आहे अशा बाबांना 'वेळ जाईल' म्हणून सत्संगाला बसवलं, तर पुढच्या कुठल्याही सूचनेला ते नाहीच म्हणतील.

यामागे माझं एक ठाम मत आहे. म्हातारं माणूस आपली करमणूक होतेय म्हणून फार दिवस कुठे जात नाही. आपल्यावाचून तिथे काहीतरी अडेल असं वाटलं तर जातं. त्यामुळे गट शोधताना 'इथे यांना काय मिळेल' याबरोबर 'इथे यांचा काय उपयोग होईल' हेही बघत चला.

३. घरापासून दहा मिनिटांत काय आहे ते पायी फिरून बघा

मोबाइलवर शोधून यातलं निम्मंही सापडत नाही. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळात चालत एक चक्कर मारा. मोठा रस्ता ओलांडावा लागणार असेल तर ती जागा यादीत शेवटी टाका. विचारायचं कोणाला? देवळाबाहेरच्या फुलवाल्या मावशींना, बागेच्या रखवालदाराला, जुन्या मेडिकलवाल्याला. कुठल्या वारी कुठे भजन असतं आणि ज्येष्ठांची बैठक कुठे भरते, हे या तिघांना पाठ असतं.

साधारण काय काय सापडतं ते सांगते.

ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्र. महापालिकेच्या बागेच्या कोपऱ्यात किंवा समाजमंदिरात एक खोली असते: वर्तमानपत्रं, कॅरम, बुद्धिबळ, आठवड्याला एखादं व्याख्यान, महिन्याला वाढदिवस. राज्यातले बरेच संघ 'फेस्कॉम' या महासंघाला जोडलेले आहेत. बाबालोकांना हे चटकन रुचतं. काही संघांत बायका जवळजवळ नसतात, तिथे आईला एकटं पाठवू नका.

हास्यक्लब. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन सुरू केलेला हा प्रकार आता सगळीकडे पोचलाय. पुण्यात नवचैतन्य हास्ययोग परिवाराच्या शाखा अनेक बागांतून भरतात. नवख्याला सामावून घेण्यात यांचा हात कोणी धरणार नाही. मात्र हर्निया असेल, पोटाचं, छातीचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, काचबिंदू असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

भजनी मंडळ. एकादशीला आणि ठरलेल्या वारी. गावाकडच्या बायकांसाठी याच्याइतकी सोपी जागा नाही, कारण इथे ओळख करून द्यावी लागत नाही, चाल माहीत असली की पुरे. दिवाळी-दसऱ्याला ठरावीक रंगाच्या साड्या घ्याव्या लागतात, तो खर्च धरून ठेवा.

वाचनालय. अनामत आणि मासिक वर्गणी भरून सभासद होता येतं. कमी बोलणाऱ्या माणसाला हे फार बरं पडतं: पेपर वाचायला जायचं, कोणाशी बोललं तर बोललं. पण पुस्तकं घरपोच देणारी योजना मुळीच घेऊ नका, बाहेर पडायचं निमित्तच जातं.

आजारानुसार गट. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, अशाच प्रकारचे गट कॅन्सर, मधुमेह, स्मृतिभ्रंश यांच्यासाठीही चालतात. घरात दारूचा प्रश्न असेल तर अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका मराठीत होतात, त्यांना फी नसते आणि नाव-आडनाव सांगावं लागत नाही.

बचत गटात आईला घालण्याचा मोह होतो, कारण ओळखीच्या बायका असतात. घाला, पण तिथे दर महिन्याला पैसे भरायचे असतात आणि कर्जाची जबाबदारीही वाटून घ्यावी लागते, हे तिला आधी समजावून सांगा.

४. एकच निवडा आणि जागा पारखून घ्या

सकाळी योग, दुपारी वाचनालय, संध्याकाळी भजन असं वेळापत्रक उत्साहाने बनवलं जातं आणि आठवड्यात सगळंच बंद पडतं. सुरुवातीला एकच. तेही रोज असेल तर उत्तम. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या गटात चेहरे लक्षात राहायला फार वेळ जातो, आणि एक वार चुकला की पंधरा दिवसांची फट पडते.

निवडलेल्या जागेवर हे बघा: पाठ टेकायला बाक किंवा खुर्ची आहे का, की सगळे सतरंजीवर बसतात? स्वच्छतागृह आहे का, त्याला कुलूप असतं का आणि किल्ली कोणाकडे? पायऱ्यांना कठडा आहे? वाटेत भटकी कुत्री कुठे बसतात? पहाटे फिरणाऱ्यांना शेवटचा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते वेगळं सांगायला नको. सार्वजनिक बागा बहुतेक ठिकाणी दुपारी बंद असतात, फाटकावरची पाटी वाचून या.

चालण्याचा हिशेबही इथेच जमवता येतो. पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा भरभर चालावं आणि ३ दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भरभर म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. जागा दहा मिनिटांवर असेल तर जाऊन-येऊन वीस मिनिटं झाली, सहा दिवसांची १२०. उरलेली बागेतच होतात. म्हणून स्कूटरवरून सोडायला जाऊ नका, सोबत चाला.

५. कागदपत्रं आणि पिशवी

संघाचा सभासद व्हायला सहसा लागतं ते इतकंच:

- आधार कार्डाची झेरॉक्स. त्यावर गावचाच पत्ता असेल तर सोबत तुमचं वीजबिल किंवा सोसायटीचं पत्र ठेवा.
- पासपोर्ट आकाराचे दोन-तीन फोटो.
- वयाचा दाखला वेगळा मागितला तर शाळा सोडल्याचा दाखला किंवा पेन्शनचं पुस्तक.
- वार्षिक वर्गणी. पावती मागून घ्या. आजीव सभासदत्व लगेच घेऊ नका, सहा महिने जाऊ द्या.

रोजच्या पिशवीत पाण्याची बाटली, रुमाल, साखरेची पुडी, चष्म्याचं घर. आणि एक जाड कागदाचं कार्ड: नाव, घरचा पत्ता, रक्तगट, चालू औषधं, कसली अॅलर्जी आहे का, आणि दोन फोन नंबर. दुसरा नंबर शेजाऱ्यांचा असावा, कारण तुम्ही मीटिंगमध्ये असता. मोबाइलला लॉक असतो, त्यामुळे 'फोनमध्ये आहे सगळं' याचा रस्त्यावर उपयोग होत नाही.

संघाच्या सहली निघतात तेव्हा एसटीची सवलत कामाला येते. राज्यात ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ मध्ये निम्मं तिकीट. पंचाहत्तरीच्या आतल्या स्त्रियांना २०२३ पासून कुठल्याही वयात निम्मंच. मूळ ओळखपत्र जवळ असू द्या.

६. आधी तुम्ही एकटे जाऊन या

ही पायरी लोक गाळतात, आणि बहुतेक प्रयत्न इथेच फसतात.

जाऊन सचिव किंवा अध्यक्षांना भेटा, पण तिथेच थांबू नका. पदाधिकारी "जरूर आणा, जरूर आणा" म्हणतात आणि विसरतात. तुम्हाला हवा असतो एक साधा सभासद, शक्यतो तुमच्या वाटेवर राहणारा आणि मिळाला तर तुमच्याच भागाकडचा. आम्ही एका निवृत्त काकांना असं जोडलं. ते पाटबंधारे खात्यात होते. संघातल्या एका गृहस्थांना मी फक्त एवढंच म्हटलं की हे तीस वर्षं हिशेब लिहीत होते. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी काकांच्या हातात सहलीच्या वर्गणीची वही ठेवली: "अहो, जरा बघा हो, बेरीज काही केल्या जुळत नाही." काकांनी खिशातून पेन काढलं, आधी वहीला समास आखला आणि मगच बेरजेकडे वळले. त्यानंतर त्यांना कोणी बोलावायला जावं लागलं नाही, आता खजिनदार त्यांना टाळतात इतकंच.

दुसऱ्या रकान्यातली माहिती कामाला येते ती अशी. मात्र आजाराबद्दल, सूनमुलाच्या भांडणाबद्दल, गावच्या वाटणीबद्दल तिथे काही बोलून ठेवू नका. काय सांगायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

७. पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवशी सोबत जा आणि बसा. प्रत्येक बागेत बाकांची मालकी ठरलेली असते. रिकाम्या बाकावर नवखा माणूस बसला की पाच मिनिटांत कोणीतरी येऊन समोर उभं राहतं, काही बोलत नाही, फक्त उभं राहतं. गावात मानाने ओट्यावर बसलेल्या माणसाला हे जिव्हारी लागतं. म्हणून आधी शोधलेल्या त्या सभासदाच्याच शेजारी जागा करून घ्या.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून फाटकापाशी सोडा आणि परत या. न्यायला जाऊ नका, येताना कोणाबरोबर तरी चालत येणं यातच ओळखी होतात. घरी आल्यावर "कसं वाटलं?" असं विचारलं की "ठीक" एवढंच उत्तर मिळतं. "आज कोण कोण आलं होतं?" असं विचारा.

भाषेचा संकोचही असतो. सातारी, वऱ्हाडी, मालवणी बोलणारी माणसं शहरातल्या घोळक्यात गप्प होतात. यावर उपाय म्हणजे त्याच भागाकडचं एक माणूस. पुण्यात ते मिळायला वेळ लागत नाही, सगळेच कुठूनतरी आलेले असतात. आणि घरात नातवंडं आजीच्या बोलण्याला हसत असतील तर ते मात्र तुम्हीच थांबवायचं.

८. घरातली ड्यूटी सोडवा

खरं सांगायचं तर पुष्कळ आज्या घरी बसतात त्या आपल्यामुळे. साडेपाचला भजन आणि साडेपाचलाच नातवाची बस. कुकर लावायचा, कामवाल्या मावशींना दार उघडायचं, कुरिअर घ्यायचं. आई तोंडाने कधीच म्हणणार नाही की मला जायचंय, कोणी दुसरं बघा. ती म्हणेल, "राहू दे, पुढच्या एकादशीला जाईन."

तेव्हा गट ठरला की घरात बसून ती वेळ मोकळी करा. बसची वेळ शेजारणीबरोबर वाटून घ्या, स्वयंपाक अर्धा तास पुढे ढकला, आठवड्यातले दोन दिवस मुलाने लवकर यावं. आणि हे आईवर उपकार केल्यासारखं बोलून दाखवू नका. नवऱ्याशी यावरून माझी चांगलीच वादावादी झाली होती. त्याचं म्हणणं "आईला नातवात करमतं." करमतं, पण नातू साडेसातला अभ्यासाला बसतो.

९. पैशाचे सापळे

ज्येष्ठांचा गट दिसला की विकणारे येतात. फुकट रक्ततपासणी शिबिर, मग त्याच टेबलावर महागडी गादी, चुंबकाचा पट्टा, पाणी 'अल्कलाइन' करणारं यंत्र. जादा व्याजाची पतसंस्था किंवा ठेव योजना तर गटातल्याच कोणाच्या तरी ओळखीने येते आणि म्हणून विश्वास बसतो. घरात एकच नियम ठेवा: पाचशेच्या वर काहीही घ्यायचं, तर दोन दिवस थांबून. 'घेऊ नका' म्हटलं तर लपवून घेतील.

गटाचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतोच. त्यातल्या लिंका उघडायच्या नाहीत, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, आणि पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, हे तिन्ही मुद्दे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. फसवणूक झालीच तर न ओरडता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा, उशीर होईल तसे पैसे परत मिळण्याची शक्यता कमी होते.

१०. गाडी अडली तर

पावसाळ्यात बागेतले गट विस्कळीत होतात आणि तुटलेली सवय दिवाळीपर्यंत जुळत नाही. जूनच्या आधीच छताखालची पर्यायी जागा विचारून ठेवा: देवळाचा मंडप, सोसायटीचा हॉल, वाचनालय. शेवाळलेल्या फरशीवरून घसरून खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा चार दिवस घरात बसलेलं परवडतं. अशा वेळी गटातल्या एक-दोघांना घरी चहाला बोलवा.

गटात कोणाचं निधन झालं की काही दिवस सगळेच येणं टाळतात. त्या आठवड्यात सोबत जा, अंत्ययात्रेला किंवा दहाव्याला जायचं असेल तर घेऊन जा.

महिना झाला आणि मन रमत नसेल तर गट बदला, त्यात काही बिघडत नाही. पण गट कुठलाही असो, दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटणं, पहाटे तीनला जाग येऊन डोळा न लागणं, जेवण सुटणं, "आता नको झालंय" अशी भाषा, नेहमीचा रस्ता चुकणं, यांपैकी काही दिसलं तर हा विषय हास्यक्लबच्या आवाक्यातला नाही. डॉक्टरांना लगेच दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर दिवसरात्र फुकट आणि मराठीतून बोलता येतं. पेन्शन, वृद्धाश्रम, घरातला त्रास किंवा नुसती माहिती यासाठी ज्येष्ठांची एल्डरलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. दोन्ही नंबर त्यांच्या फोनमध्ये त्यांच्याच हाताने साठवून घ्या, आणि एकदा तुमच्यासमोर लावूनही बघायला सांगा.